फेअरफॅक्स काउंटीच्या शाळा : घर ठरवण्याआधी काय पाहावे

पुण्याहून उत्तर व्हर्जिनियात येऊ घातलेल्या एका कुटुंबाने विचारले आहे की, ‘फेअरफॅक्स काउंटी पब्लिक स्कूल्स’ हा डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा, चांगला आहे का आणि घर कुठे घ्यावे. त्यांची मुलगी तिसरीत आणि मुलगा आठवीत जाणार आहे. माझी दोन्ही मुले याच काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) शाळांतून बारावीपर्यंत शिकली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम या डिस्ट्रिक्टचा आकार लक्षात घ्यावा. न्यू जर्सीत गावागणिक वेगळा डिस्ट्रिक्ट असतो आणि ‘अमुक गाव चांगले’ एवढे सांगून काम भागते. व्हर्जिनियात मात्र साधारणपणे अख्खी काउंटी हाच एक डिस्ट्रिक्ट असतो. वॉशिंग्टनला लागून असलेल्या सुमारे हजार चौरस किलोमीटरच्या या उपनगरी काउंटीत जवळपास दोनशे शाळा व केंद्रे आणि सुमारे 1,80,000 विद्यार्थी आहेत. एवढा मोठा डिस्ट्रिक्ट राज्यात दुसरा नाही. ग्रेट फॉल्स आणि मॅक्लीनमधील बंगल्यांची वस्ती त्यात आहे, तशीच बेलीज क्रॉसरोड्स आणि रिचमंड हायवेलगतची, नुकत्याच देशात आलेल्या, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या कुटुंबांची वस्तीही आहे. मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा दोनशेच्या आसपास भरतात. त्यामुळे डिस्ट्रिक्टचे सरासरी गुण पाहून काहीही ठरवू नये. ती सरासरी कोणत्याच एका शाळेची नसते.

पाहायचे ते ‘पिरॅमिड’. प्रत्येक हायस्कूल आणि त्याला मुले पुरवणाऱ्या मिडल व प्राथमिक शाळा यांच्या साखळीला येथे पिरॅमिड म्हणतात. बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, मिडल स्कूल सातवी-आठवी आणि हायस्कूल नववी ते बारावी अशी रचना आहे. रॉबिन्सन, लेक ब्रॅडक आणि हेफील्ड येथे मात्र सातवी ते बारावी एकाच आवारात चालते. घराचा पत्ता तुमची ‘बेस स्कूल’ ठरवतो, त्यात आवडीनिवडीला फारसा वाव नसतो. हायस्कुलांमध्ये आणखी एक फरक आहे, जो इकडे आल्यावर फार उशिरा कळतो : बहुसंख्य हायस्कुलांत एपीचे (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे सुटे) विषय असतात, तर साउथ लेक्स, मार्शल, रॉबिन्सन, ॲनन्डेल अशा काही ठिकाणी आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असतो. मुलगा पुढच्याच वर्षी नववीत जाणार असल्याने तुम्ही याची चौकशी आधी करावी.

पत्त्याच्या बाबतीत एक सापळा आहे. टपाल खात्याची गावे आणि प्रशासकीय हद्दी येथे जुळत नाहीत. ‘फॉल्स चर्च’ किंवा ‘अलेक्झांड्रिया’ असा पत्ता असलेली हजारो घरे प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत आहेत, तर त्याच नावांच्या शहरांचे स्वतःचे, पूर्णपणे वेगळे डिस्ट्रिक्ट आहेत. उलट फेअरफॅक्स शहर काउंटीपासून स्वतंत्र आहे, शाळांच्या इमारती त्याच्या मालकीच्या आहेत, पण त्या शाळा कराराने काउंटीच चालवते. आम्ही पहिले घर भाड्याने घेतले तेव्हा दलालाने आत्मविश्वासाने एक शाळा सांगितली आणि नोंदणीच्या दिवशी दुसरीच निघाली. म्हणून भाडेकरारावर सही करण्यापूर्वी घरक्रमांकासह पूर्ण पत्ता काउंटीच्या संकेतस्थळावर तपासावा. शाळांच्या हद्दी कायमच्या आहेत असेही समजू नये, कारण 2024 मध्ये स्कूल बोर्डाने धोरण बदलून त्यांचा दर पाच वर्षांनी सर्वंकष आढावा घेण्याचे ठरवले.

हद्दींवरून इथे लोक एवढे का तापतात, हे समजायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. 1954 पर्यंत या काउंटीत कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही हायस्कूल नव्हते. त्यांना वॉशिंग्टनला किंवा मनॅससला जावे लागे. वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरल्या त्याच वर्षी त्यांच्यासाठी ल्यूथर जॅक्सन हायस्कूल सुरू झाले, आणि वेगळ्या शाळा पूर्णपणे बंद होण्यास पुढे दशकभर लागले. ते ल्यूथर जॅक्सन आज सर्वांचे मिडल स्कूल आहे, आणि यादवी युद्धात गुलामगिरीवादी दक्षिणेचे सेनापती असलेल्या रॉबर्ट ली यांचे नाव असलेले हायस्कूल 2020 पासून कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचे नेते जॉन लुईस यांच्या नावाने ओळखले जाते.

कारभार बारा निवडून आलेल्या सदस्यांच्या स्कूल बोर्डाकडे असतो, पण या बोर्डाला कर लावण्याचा अधिकार नाही. पैसा काउंटीचे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स देते, तोही मुख्यतः घरांवरील मालमत्ता करातून. काउंटीच्या सर्वसाधारण निधीतील निम्म्याहून अधिक रक्कम शाळांवर जाते, कारण काउंटी श्रीमंत म्हणून राज्य आपला हात आखडता घेते. दर वसंत ऋतूत होणारी अंदाजपत्रकाची भांडणे त्यामुळेच असतात.

आता मुलीविषयी. ‘ॲडव्हान्स्ड अकॅडेमिक प्रोग्रॅम्स’, म्हणजे एएपी, हा हुशार मुलांसाठीचा प्रगत अभ्यासक्रम; त्याचा चौथा स्तर, म्हणजे पूर्णवेळ वेगळे वर्ग, तिसरीपासून सुरू होतो आणि त्यासाठीची चाचणी दुसरीत होते. त्यावरून आपल्या लोकांत जो ताण दिसतो, तो मला अनाठायी वाटतो. पुढच्या इयत्तांतही निवड होते, आणि साध्या वर्गात शिकलेली मुलेही हायस्कुलात तेच वरचे विषय घेऊ शकतात. पहिले वर्ष तिला भाषा, बस आणि डब्यातल्या पोळीभाजीकडे वळून पाहणाऱ्या नजरा यांची सवय होण्यासाठी द्यावे.

मुलाचा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण थॉमस जेफरसन हायस्कूल, म्हणजे टीजे, याचा अर्ज आठवीतच करावा लागतो. 1985 मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानासाठी सुरू झालेल्या या शाळेत पूर्वी प्रवेश परीक्षा होती. 2020 च्या अखेरीस ती रद्द झाली आणि प्रत्येक मिडल स्कूलसाठी त्या शाळेच्या आठवीतील विद्यार्थिसंख्येच्या दीड टक्का इतक्या जागा राखून ठेवण्याची पद्धत आली. आशियाई मुलांवर अन्याय होतो म्हणून पालक न्यायालयात गेले, पण 2023 मध्ये अपील न्यायालयाने नवी पद्धत वैध ठरवली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. त्यामुळे जुन्या ओळखीच्यांनी सुचवलेल्या टीजेच्या शिकवणीवर पैसे घालवू नयेत. मात्र आठवीत बीजगणिताचा ‘अल्जिब्रा वन’ हा विषय असल्याशिवाय अर्जच करता येत नाही, आणि नव्याने आलेल्या मुलाला कोणत्या गणितात बसवायचे हे शाळा कागदपत्रे पाहून ठरवते. जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल सगळेच आणतात. तुम्ही त्याच्या सहावी-सातवीच्या गुणपत्रिका आणि गणिताच्या पुस्तकांच्या अनुक्रमणिकेची पानेही हातसामानात ठेवावीत, आणि नोंदणीच्याच दिवशी समुपदेशकाची वेळ मागून घ्यावी.