अणुऊर्जेवर पोट्ट्यांना कोणती फिल्म दाखवू?

प्रश्न: नमस्कार ताई, भद्रावती तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहो. सातवीच्या पोट्ट्यायले अणुऊर्जेचे फायदे-तोटे पाठ आहेत, घोषवाक्य स्पर्धेत बक्षिसंही आणतात, पण डोक्यात किती शिरलं ते समजत नाही. एखादी फिल्म सांगा जी.

उत्तर: सर, 'न्यूक्लिअर नेशन' दाखवा. आत्सुशी फुनाहाशी यांची 2012 ची जपानी डॉक्युमेंटरी आहे, आपल्याकडे फार कोणी पाहिलेली नाही. फुकुशिमा अणुवीज प्रकल्पाच्या सहापैकी दोन रिअ‍ॅक्टर फुताबा गावच्या हद्दीत, मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर प्रकल्प बिघडला अन् किरणोत्सर्गामुळे अख्खं गाव उठलं, त्यातली 1400 च्या आसपास माणसं पार साइतामा प्रांतातल्या एका बंद पडलेल्या हायस्कूलमध्ये राहायला गेली. वर्गातच अंथरूण, वर्गातच डबा, पुढचं काही ठरत नाही. कॅमेरा बहुतेक याच माणसांसोबत राहतो, मला हेच लय आवडलं.

एक बापलेक आहेत, आई त्सुनामीत गेली, गाव रिकामं करायचा हुकूम आला म्हणून तिला शोधताही आलं नाही. पुढे दोन तासांची परवानगी मिळते, किरणोत्सर्गापासून वाचायचे पांढरे सूट घालून घरी जातात तर तिथे नुसता पाया. इथे मधे बोलू नका सर, पोरांना बघू द्या. कोळसा खाणीसाठी उठलेल्या गावातलं पोरगं वर्गात असेल तर नंतर आधी त्याला बोलू द्या. गोठ्यात उपाशी मेलेली जनावरंही दिसतात, ते अगोदर सांगून ठेवा.

फुताबाचे तेव्हाचे नगराध्यक्ष इदोगावा, त्यांच्याकडे नीट लक्ष द्या. गावाची तिजोरी खाली होती म्हणून हेच आधी आणखी रिअ‍ॅक्टर मागत होते, अन् नंतर त्याच शाळेत गावकऱ्यांसोबत बसलेले दिसतात.

घोषवाक्याचं म्हणालात म्हणून हेही वर्गात सांगाच. फुताबाच्या रस्त्यावर मोठी कमान होती, 'अणुशक्ती, उज्ज्वल भविष्याची ऊर्जा', अन् ती ओळ 1980 च्या दशकात तिथल्याच सहावीच्या पोराने शाळेचा गृहपाठ म्हणून लिहिलेली, गावाने त्याचा सत्कारही केला. मोठेपणी त्यालाच घर सोडावं लागलं. 2015 मध्ये कमान उतरवायला घेतली तेव्हा ती राहू द्या, लोकांना दिसू द्या म्हणून सह्या गोळा करणाराही तोच. पोराचा काय दोष, मोठ्यांना जे ऐकायचं होतं तेच त्याने लिहिलं.

फिल्म जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, म्हणून आधी एकदा तुम्ही पाहून घ्या अन् बाकी ठिकाणी थांबून आपल्या बोलीत सांगा. एका तासिकेत उरकू नका. नंतर घोषवाक्य नको, इदोगावांना विचारायचा एकेक प्रश्न लिहायला द्या, अन् ते प्रश्न आम्हाला पाठवा, पुढच्या अंकात छापू.