आईच्या लग्नाची ट्रंक

“वस्तू टाकल्या तर आईलाच टाकल्यासारखे वाटते, आणि ठेवायच्या म्हटल्या तर जागा नाही,” ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे वारंवार येते, कारण डोंबिवली, ठाणे, पुणे अशा शहरांतील जुन्या इमारती पुनर्विकासाला जाताना माळे रिकामे करावे लागतात आणि वर्षानुवर्षे न उघडलेल्या ट्रंका उघडतात. पुढील प्रकरणात ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

पन्नाशीच्या एक बाई आई गेल्यानंतर आठ महिन्यांनी आल्या. ट्रंकेतून आईवडिलांच्या 1968 सालच्या लग्नाचा काळ्या पानांचा अल्बम, मोत्यांच्या मुंडावळ्या, मामाकडून आलेली अष्टपुत्री, जरीचा शालू आणि आहेराची वही निघाली होती. फोटो स्कॅन करून बाकीचे काढून टाक, असे भावाचे म्हणणे होते. बाईंना मात्र अल्बम उघडला की रडू येई, आणि त्याचे कारण विचारल्यावर जागेचा प्रश्न बाजूलाच राहिला. एकाही फोटोत आई हसत नव्हती. हे लग्न तिच्या मनाविरुद्ध तर झाले नव्हते ना, हे विचारायला आता ती नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार किमान 6 महिने उलटूनही, आणि आपल्या समाजाच्या रीतीला धरून असेल त्याहून फार अधिक काळ, तीव्र दुःख दैनंदिन व्यवहार करू देत नसेल तर तो विकार मानला जातो. या बाईंची नोकरी, झोप, जेवण सुरळीत होते, म्हणून मी त्या दिशेने गेले नाही. गेलेल्या माणसातून मन काढून घेतले की शोक पूर्ण होतो, हा मनोविश्लेषक फ्रॉइडच्या 1917 मधील मांडणीतून रूढ झालेला समज आजही नातेवाइकांच्या तोंडी असतो. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी त्याला आव्हान देत असे मांडले की मृत व्यक्तीशी असलेले नाते बदलत्या रूपात चालू राहू शकते. त्यामुळे ते नाते कोणत्या प्रश्नापाशी अडले आहे, एवढेच मी पाहते.

ऐंशी ओलांडलेल्या आत्या सांगलीला होत्या. एकही वस्तू हलवण्याआधी अल्बम घेऊन त्यांच्याकडे जावे, असे आम्ही ठरवले. नवरीने मान खाली घालूनच फोटो काढून घ्यायचा असे तेव्हा घरात सगळेच मानत, शिवाय मे महिन्याच्या उकाड्यात वहिनी मुहूर्तापर्यंत उपाशी होती, असे आत्यांनी सांगितले. पण कॉलेजचे शेवटचे वर्ष सुटले म्हणून ती आदल्या रात्री रडली होती, हेही त्यांनी लपवले नाही. माझ्या मते हे दुसरे सांगणे अधिक मोलाचे होते, कारण नुसते पहिले ऐकून बाईंचे समाधान झाले असते, आईची ओळख वाढली नसती. पुढच्या भेटीत त्या आजोबांवर चिडलेल्या होत्या, आणि राग हा त्या मोघम अपराधीपणापेक्षा बोलायला कितीतरी सोपा असतो.

त्यानंतर वस्तूंचे फारसे अडले नाही. जुन्या साड्या बोहारणीला देऊन स्टीलची भांडी घेताना याच आईचा हात कधी थांबला नव्हता, हे बाईंनाच आठवले. शालू तिने जपला होता. ट्रंकेतील बरेचसे नुसते राहून गेले होते, आणि निवड त्या फरकावर झाली. शालू मऊ सुती कापडात गुंडाळून, डांबरगोळ्या न लागू देता, अधूनमधून घडी बदलत ठेवायचे ठरले, नाहीतर जर घडीवर तुटते. फोटो कोपऱ्यांतून अलगद काढून मागे मऊ शिसपेन्सिलीने नावे लिहिली. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पाच आणि अकरा रुपयांच्या आहेरांची वही भावाने स्वतःहून मागून घेतली, जी टाकायला निघालेलाही तोच होता.

वडिलांनी आईला लिहिलेल्या पत्रांचे एक पुडकेही निघाले. ते वाचावे असे भावाला वाटते, बहिणीला वाटत नाही. घर रिकामे करण्याची तारीख या निर्णयाला लागू नाही, एवढेच मी दोघांना सांगितले आहे.