फक्त मोगरा-कस्तुरीवर थांबू नका

प्रश्न: मराठी भाषा दिन आला की आमच्या ग्रुपवर फादर स्टीफन्सच्या त्याच ओव्या फिरतात, "जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी, कि परिमळांमाजि कस्तुरी" वगैरे. पण ज्या 'क्रिस्तपुराण' नावाच्या पुस्तकात त्या आहेत त्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. ते बायबलचं भाषांतर आहे का? आणि एका इंग्रज पाद्र्याला ओव्या लिहायचं सुचलं तरी कसं?
— एक वाचक, वसई

उत्तर: बरं झालं विचारलंत, कारण त्या चार-दोन ओव्यांना टाळ्या वाजवून उरलेल्या जवळपास अकरा हजार ओव्यांकडे पाठ फिरवायची ही आपली जुनी सवय आहे. भाषेची स्तुती तिथे प्रस्तावनेपुरतीच येते, खरा ग्रंथ त्याच्या पुढे सुरू होतो आणि तो भक्तीचा ग्रंथ आहे, मराठीला मिळालेलं परदेशी सर्टिफिकेट नाही.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधल्या विल्टशायरचा माणूस, जन्म 1549 चा, तिकडे तेव्हा कॅथलिकांना दिवस वाईट होते म्हणून रोमला जाऊन जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचा सभासद, झाला आणि 1579 च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला तो परत गेलाच नाही, 1619 मध्ये गोव्यातच वारला. गोव्यातली त्याची बहुतेक सगळी वर्षं साष्टी भागात, म्हणजे दक्षिण गोव्यात मडगावच्या आसपास, गेली. एकनाथ महाराज गेले 1599 ला, म्हणजे स्टीफन्स गोव्यात आल्यावर वीस वर्षं हे दोघं एकाच वेळी इकडे होते, एक पैठणला आणि एक साष्टीत, आणि क्रिस्तपुराण 1616 मध्ये साष्टीतल्याच रायतूरला छापलं गेलं तेव्हा तुकोबा अजून लहान होते. हे डोक्यात ठेवलं की ओवी कुठून आली हे वेगळं सांगावं लागत नाही, तेव्हा लोकांच्या कानावर जे होतं तेच त्याने घेतलं.

भाषांतर म्हणाल तर नाही. पहिल्या पुराणात जुना करार आणि दुसऱ्यात येशूचा जन्म, उपदेश, मरण, पुनरुत्थान, पण सगळं पुराणिकाने समोर बसलेल्या माणसांना सांगावं तसं. सुरुवातच बघा:

वो नमो विश्वभरिता । देवा बापा सर्व समर्था ।
परमेश्वरा सत्यवंता । स्वर्ग पृथ्वीच्या रचणारा ॥

"ॐ नमो जी आद्या" ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे परकं वाटणारच नाही ना! पुढे स्वर्गाला तो बिनदिक्कत वैकुंठ म्हणतो आणि चर्चला देऊळ. अध्यायांना मात्र अवस्वरू असं स्वतःचंच नाव आहे.

आणि का लिहिलं याचं कारण ग्रंथातच दिलंय, मला तर हा सगळ्यात आवडता भाग वाटतो. साष्टीत देवळात म्हणजे चर्चमध्ये दोत्रिन, म्हणजे धर्मशिक्षण, चालू आहे, लहानथोर बसलेत, आणि ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण 'पाद्री गुरू'ला, म्हणजे शिकवणाऱ्या पाद्र्याला, विचारतो की दोत्रिन आणि प्रार्थना तुम्ही दिल्यात ते ठीक, पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का नाही देत? रोख-ठोक प्रश्न आहे. धर्म बदलला तरी संध्याकाळी चार माणसं जमवून कथा ऐकायची भूक बदलत नाही, हे त्या माणसाला कळलं होतं आणि स्टीफन्सलाही. पुढेही लोक मध्ये मध्ये शंका काढतात आणि गुरू उत्तरं देतो, म्हणजे आपल्या या सदरासारखाच प्रकार, फक्त ओवीत!

प्रश्न: पण शेवटी हे धर्मप्रसारासाठीच ना? एकीकडे देवळं पाडायची, पोथ्या नष्ट करायच्या आणि दुसरीकडे ओव्या लिहायच्या. याला भक्तिवाङ्मय कसं म्हणायचं?
— एक वाचक, पुणे

उत्तर: धर्मप्रसारासाठीच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं, साष्टीतली देवळं पाडली गेली, 1583 मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट मारले गेले आणि मग पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी बोलावून दग्याने मारलं. स्टीफन्स तेव्हा याच भागात काम करत होता. वर सांगितलेल्या त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात ही सगळी जखम आहेच आणि स्टीफन्सने ती पुसली नाही, आपल्याच पुस्तकात छापली.

पण ग्रंथाची किंमत राज्यकर्त्यांच्या हिशोबातून ठरवायची तर बरंच काही टाकून द्यावं लागेल. तो प्रस्तावनेत सांगतो की शुद्ध मराठी सर्वसाधारण लोकांना कळत नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडले आणि जागोजागी इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. नुसता हुकूम सोडायचा असता तर एवढी मेहनत कोण घेईल? 1608 च्या एका पत्रात तर तो रोमला कळवतो की इथल्या लिपीत पुस्तकं छापायची फार वर्षांची इच्छा आहे पण युरोपात अक्षरांचे चोवीस साचे पुरतात तिथे इथे सहाशे पाडावे लागतील. ते झालंच नाही, म्हणून पुराण शेवटी रोमन लिपीत छापलं. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषाच बंद करायचा हुकूम काढला, तरी गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या घरांमध्ये याच्या हस्तलिखित प्रती राहिल्या. लोकांनी हे गायलं, उतरवून घेतलं, सांभाळलं, भक्तिवाङ्मय म्हणायला मला एवढं पुरे आहे.

प्रश्न: वाचायचं तर कुठली प्रत घेऊ? जुनी मराठी झेपेल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: मूळ छापील प्रत आज कुठेच नाही. 1907 ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीतली आहे, ती सोडा. देवनागरीत शांताराम बंडेलू यांची 1956 ची आणि कारिदाद द्रागो यांची 1996 ची आहे, पण नवख्या माणसाने फादर नेल्सन फलकाव यांची 2009 ची घ्यावी, तिच्यात आजच्या मराठीतला अर्थही आहे. दुकानात मिळेलच असं नाही, लायब्ररीत आधी विचारा. दुसऱ्या पुराणापासून सुरू केलंत तरी चालेल, येशूची गोष्ट ओळखीची असते त्यामुळे शब्द अडले तरी गाडी अडत नाही. आणि मनात नको, मोठ्याने वाचा, पहिल्या पन्नासेक ओव्या जड जातील मग जीभ वळते. नुसतं बायबलच सोप्या मराठीत हवं असेल तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे, त्याला साहित्य अकादमी मिळालंय, पण ते गद्य आहे, ओवीची मजा त्यात शोधू नका.