पोस्टपेड बिलात न मागितलेल्या सेवेचे पैसे लागत असतील, तर कोल्हापुरात दाद कशी मागावी?

आपल्या वडिलांचे शाहू मार्केट यार्डात गुळाचे दुकान आहे, त्यांच्या पोस्टपेड बिलात गेले काही महिने कोणीही न मागितलेल्या एका ‘मूल्यवर्धित सेवे’चे, म्हणजे कॉलर ट्यूनसारख्या जादा सेवेचे, 99 रुपये लागत आहेत, आणि ग्राहक सेवा केंद्रातून ‘सेवा तुमच्याच हँडसेटवरून सुरू झाली आहे’ एवढेच उत्तर मिळते, असे आपण लिहिले आहे. एवढ्याशा रकमेसाठी तक्रार करावी का आणि कोठे करावी, हा आपला प्रश्न आहे.

लक्ष्मीपुरीतील काही व्यापाऱ्यांचे हिशेब मी पाहतो. त्यांत दुकानाच्या नावावरील मोबाइलची बिलेही येत असल्यामुळे हा प्रकार माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. तक्रार अवश्य करावी. मात्र ‘आम्ही बटण दाबलेच नाही’ हे पटवून देण्याच्या भरीस पडू नये, कारण न केलेली गोष्ट सिद्ध करता येत नाही आणि तशी गरजही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 10 जुलै 2013 रोजी दिलेल्या निर्देशानुसार अशी सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. सेवेचे नाव, शुल्क आणि मुदत कळवून दुसरा होकार मिळाल्याखेरीज कंपनीला पैसे आकारता येत नाहीत. तेव्हा तक्रारीत मुख्य मागणी एकच ठेवावी: दोन्ही संमती कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने मिळाल्या, याची नोंद द्यावी, ती नसल्यास आजवर आकारलेली सर्व रक्कम, तिच्यावर लावलेल्या 18 टक्के जीएसटीसह, परत करावी. ‘हँडसेटवरून सुरू झाली’ हे या मागणीचे उत्तर होत नाही. माझ्या पाहण्यात, मागणी इतकी नेमकी आणि लेखी गेली की नोंद क्वचितच येते. पैसे मात्र बहुधा परत येतात.

त्याआधी घरातच एक खात्री करून घ्यावी. अ‍ॅप स्टोअरमधील खरेदीचे पैसेही मोबाइल बिलात जोडता येतात, आणि नातवंडांच्या हाती फोन असेल तर गेममधली एखादी खरेदी तेथून आलेली असू शकते. तो विषय वेगळा आहे आणि त्याची तक्रारही वेगळी करावी लागते.

सेवा बंद करण्यासाठी 155223 हा निःशुल्क क्रमांक आहे. बंद करण्यापूर्वी बिलाची आणि संदेशांची छायाचित्रे काढून ठेवावीत. त्यानंतर कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवावी आणि तिचा डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंद क्रमांक, एसएमएसने आल्याशिवाय तक्रार झाली असे समजू नये. राजारामपुरीतील असो वा शाहूपुरीतील, दुकानाच्या काउंटरवरील मुलाने ‘बघतो साहेब’ म्हटल्याने काहीही नोंदले जात नाही. त्या बिचाऱ्याच्या हातात तो अधिकारही नसतो. कंपनीचा क्रमांक बिलावर छापलेलाच घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकांमागे पुष्कळदा भामटे असतात आणि परताव्याच्या नावाखाली ते फोनचा ताबा मागतात.

मुदतीत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर 30 दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. 2012 च्या तक्रार निवारण विनियमांनुसार या अपिलाला शुल्क नाही आणि त्यावर 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अनेक जण ही पायरी सोडून थेट ट्रायला पत्र पाठवतात; परंतु ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे पत्र कंपनीकडेच परत येते आणि मधले दिवस वाया जातात.

याउपरही न्याय मिळाला नाही, तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दूरसंचार कंपन्या पूर्वी 2009 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन ‘ग्राहक न्यायालयाला अधिकारच नाही’ असा आक्षेप घेत असत. 16 फेब्रुवारी 2022 रोजी त्याच न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर ‘सेवा’ या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेखच केला आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथेच दावा दाखल करता येत असल्याने कंपनीचे मुख्यालय मुंबईत असो की दिल्लीत, आपल्याला कोल्हापूर सोडावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. 99 रुपयांसाठी आयोगापर्यंत जाणे मला स्वतःला जरा जड वाटते. पण आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास कंपन्या बहुधा तिथेच तडजोडीला येतात.

रागाच्या भरात संपूर्ण बिल थकवू नये. वादग्रस्त रक्कम वगळून उरलेली भरावी आणि तसे ईमेलने कळवावे. नाहीतर विलंब शुल्क लागते, जाणारे कॉल बंद होतात आणि थकबाकी दाखवून क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा अर्जही अडवला जातो. यार्डातील व्यापाऱ्याचा फोन सौद्याच्या वेळी बंद पडणे 99 रुपयांपेक्षा पुष्कळच महाग पडेल.

प्रीपेड घेतल्यास ही कटकट संपेल का, असेही आपण विचारले आहे. संपणार नाही. तेथे बिल येत नसल्याने कापलेले पैसे उशिरा लक्षात येतात. प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशील जास्तीत जास्त 50 रुपयांत मागता येतो, पण त्यासाठी 30 दिवसांपर्यंत थांबावे लागू शकते. शिवाय 28 दिवसांचा प्लॅन घेतल्यास वर्षाला 13 रिचार्ज होतात. ट्रायच्या जानेवारी 2022 च्या आदेशामुळे प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवावा लागतो. दुकानदार तो स्वतःहून दाखवत नाहीत, विचारावा लागतो.