फ्लॅटबेड स्कॅनरवर एकदम चार-पाच फोटो ठेवून स्कॅन केले तर चालतं का?

तुमच्याकडे जुन्या अल्बममधले तीनेकशे फोटो आहेत, एकेक करत बसायला वेळ नाही. काचेवर मावतील तेवढे एकदम ठेवायचे आणि सॉफ्टवेअर आपोआप कापून वेगळे करतं ते करू द्यायचं, यात काही बिघडतं का, असं तुम्ही विचारलंय. एकदम ठेवण्यात काही बिघडत नाही, खुशाल ठेवा. कापायचं काम सॉफ्टवेअरवर सोडून मोकळं होण्यात बिघडतं. आमच्याकडे बिघडलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही बडोद्याचे. दांडिया बाजारात आमचा जुना वाडा होता, आणि बाबांकडे आगफा क्लिक थ्री. हा कॅमेरा त्या काळी बडोद्यातच बनायचा. १२०ची फिल्म, एका रोलमध्ये बारा फोटो, सगळे चौकोनी, सहा बाय सहा सेंटीमीटर. मोठे प्रिंट काढणं परवडायचं नाही, त्यामुळे निगेटिव्हच्याच मापाचे, भोवती पांढरी कड असलेले छोटे छोटे प्रिंट बाबा करून आणायचे आणि काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे लावून बसवायचे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने कोण, कधी, कुठे. असे चार अल्बम, ३१२ फोटो. आई गेल्यावर मी मोजले होते.

वाडा विकला तेव्हा अल्बम दादाकडे गेले, समा भागात, तळमजल्यावर. मी म्हटलं होतं, सुट्टीत येते, आपण दोघं बसून स्कॅन करू, मागचं लिहिलेलंही घेऊ. दादाला घाई. त्याने सगळे फोटो कोपऱ्यांतून काढले, एका पिशवीत भरले आणि स्कॅन करून देणाऱ्या एका दुकानात दिले. चार दिवसांत पेनड्राइव्ह आला. दादा खूश. फॅमिली ग्रुपवर धडाधड फोटो पडले, सगळ्यांनी हात जोडले, हृदयं पाठवली.

मी एक फोटो शोधत होते. वाड्याच्या चौकातल्या संखेड्याच्या, म्हणजे लाखेच्या रंगकामाच्या लाकडी झोपाळ्यावर आजी बसलीय, मांडीवर मी, आणि उजव्या कडेला माईआत्या उभी. ही बाबांची आत्या, लहानपणी विधवा झालेली, बाबांना तिनेच वाढवलं. कॅमेरा दिसला की आत जायची. त्या दिवशी बाबांनी तिला कसंबसं उभं केलं होतं. तिचा आमच्याकडे तेवढा एकच फोटो. मागे बाबांच्या अक्षरात ‘माई, उत्तरायण ७३’.

पेनड्राइव्हमध्ये तो फोटो होता. आजी होती, मी होते, झोपाळ्याची पितळी कडी होती, आणि त्या कडीवर तीन बोटं. बोटांच्या पलीकडे फोटो संपला होता. माईआत्या नव्हती.

असं कसं झालं ते समजून घ्या, कारण तुमच्याही फोटोंचं असंच होऊ शकतं. स्कॅनरच्या झाकणाला आतून पांढरा पत्रा किंवा फोम असतो. झाकणाचं पांढरं कुठे संपलं आणि फोटो कुठे सुरू झाला, हे सॉफ्टवेअर फक्त रंगाच्या फरकावरून ओळखतं. आमच्या फोटोत वर पांढरं झाकण, फोटोची पांढरी कड, त्याला लागून उन्हाने पार उडालेली पांढरी साडी. सॉफ्टवेअरच्या लेखी ती सगळी रिकामी काच. त्याने झोपाळ्याच्या कडीपाशी रेघ मारली आणि पुढच्या फोटोकडे गेलं. दुकानातल्या कुणी प्रत्येक फोटो मूळ प्रिंटशी ताडून पाहिला नाही. मागची बाजू तर घेतलीच नव्हती.

दादाला फोन केला. तो म्हणाला, कडेचं एवढंसं कापलं तर काय झालं, मूळ फोटो आहे ना घरात, परत स्कॅन कर. हे २०२४च्या मे महिन्यात. ऑगस्टच्या शेवटी बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला. धोक्याची पातळी २६ फूट, नदी ३५ फुटांच्या वर गेली. समात घराघरांत पाणी. पिशवी खालच्या कपाटात होती. पाणी ओसरल्यावर दादाने ती तशीच पंख्याखाली वाळवली, आणि ओल्या फोटोंवरचा जिलेटिनचा थर वाळताना एकमेकांना असा चिकटला की मी गेले तेव्हा हातात वीट आली. (ओले फोटो गठ्ठ्यात कधीही वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सोडवायचे आणि तोंड वर करून एकेक पसरायचे.) दुकानात जाऊन विचारलं, कापण्याआधीच्या अख्ख्या काचेच्या स्कॅन आहेत का. जागा खातात म्हणून त्या लगेच काढून टाकतो, म्हणाले.

जागेचा हिशेब मी नंतर करून पाहिला. अख्खी एफोर काच ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), कॉम्प्रेस न करता, टिफ फाइलमध्ये साधारण १०७ एमबी होते. चार-चारच्या हिशेबाने ३१२ फोटोंच्या ७८ स्कॅन, म्हणजे साडेआठ जीबीसुद्धा नाही. १६ जीबीच्या साध्या पेनड्राइव्हमध्ये मावून जवळपास अर्धी जागा उरते.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की अख्ख्या काचेची स्कॅन हाच मूळ दस्तऐवज. आपोआप कापायचा पर्याय स्कॅन करताना बंद ठेवा, पूर्ण काच घ्या, सेव्ह करा आणि कापाकापी नंतर त्या फाइलच्या प्रतीवर करा. फोटोशॉपमध्ये ‘क्रॉप अँड स्ट्रेटन फोटोज’ आहे, ते अशी फाइल घेऊन वेगळे फोटो करून देतं. चुकलं तर हाताने कापा, मूळ फाइल आहेच.

फोटोंच्या मागे काळा कार्डपेपर ठेवा, मग झाकण बंद करा. पांढरी कड स्पष्ट उठते, आणि पातळ कागदाच्या मागचं लिखाण पुढे उमटत नाही. फोटोंमध्ये बोटभर अंतर सोडा. साडेतीन बाय पाच इंचांचे चार आरामात बसतात. चार बाय सहाचे मात्र तीनच, चौथ्यासाठी काच थोडक्यात कमी पडते. क्लिक थ्रीचे चौकोनी प्रिंट तीन-तीनच्या चार ओळींत बरोबर बारा बसतात, म्हणजे एक अख्खा रोल एका काचेवर, ओळीने. एवढ्या लहान प्रिंटना ६०० घ्या, मोठ्यांना ३०० पुरतं.

मग प्रत्येक फोटो जागच्या जागी उलटा करा आणि मागच्या बाजूची स्कॅन घ्या. फाइलला तोच नंबर, पुढे ‘मागे’. दोन मिनिटांचं काम आहे. दादा याला वेळ घालवणं म्हणायचा. आज ग्रुपवर तोच विचारतो, हा कुठल्या सालचा, ही बाई कोण, आणि सांगणारं कुणी उरलेलं नाही.

एक राहिलं. काळेपांढरे आणि लाल पडलेले रंगीत फोटो एका काचेवर मिसळू नका. उजेडाचा आपोआप हिशेब सगळ्यांचा मिळून होतो आणि दोन्ही बिघडतात. तुमचा स्कॅनर अगदी चपटा, यूएसबीवरच चालणारा असेल, तर तो बहुधा सीआयएस सेन्सरचा. त्यात काचेपासून जरा उचललेला फोटो लगेच धूसर येतो. वाकलेले फोटो आधी आठवडाभर जड पुस्तकाखाली ठेवा. आणि हे सगळं सुट्या प्रिंटचं सांगितलं. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, निघत नसतील तर अख्खं पानच काचेवर ठेवा.

ती तीन बोटांची फाइल मी तशीच ठेवलीय. तिच्या नावात ‘माई, उत्तरायण ७३’ मी स्वतः टाइप केलं.