‘इतर’ या रकान्यातला माणूस

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरचं तुझं टिपण वाचलं. मांडणी सुटसुटीत आहे, भाषेत उगाच फुगवटा नाही. पण तिसऱ्या परिच्छेदात त्या नवख्या उमेदवाराला तू दीड ओळीत निकालात काढलंस. पक्ष नाही, पैसा नाही, अनुभव नाही, तेव्हा दखल घ्यायचं कारण नाही! हे पत्र त्या दीड ओळीसाठी.

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांवर लिहायचं मनावर घेतलंच आहेस, तर पेरू देशाच्या दोन निवडणुका तुला तोंडपाठ हव्यात. अमेरिकेतल्या २०१६ चा दाखला ऊठसूट सगळेच देतात. मला तो तितकासा पटत नाही. ट्रम्प टीव्हीमुळे घरोघरी माहीत होते आणि देशातल्या दोन मोठ्या पक्षांपैकी एकाचे अधिकृत उमेदवार होते. ज्याला खरोखरच कुणी ओळखत नव्हतं असा माणूस बघायचा, तर पेरूकडे वळावं लागतं.

साल १९९०. महागाईचा वार्षिक दर सात हजार टक्क्यांच्या वर गेलेला, म्हणजे सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नव्हता. डोंगराळ भागात ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेचा रक्तपात चालू होता. सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष आलान गार्सिया लोकांच्या मनातून पार उतरले होते. अशा वेळी जगभर नाव असलेले कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा मैदानात उतरले. १९८७ साली सरकारने बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा घाट घातला, तेव्हा त्याविरुद्ध राजधानी लिमाच्या सान मार्तिन चौकात प्रचंड सभा घेऊन त्यांनी राजकारणात पाऊल टाकलं होतं. पाठीशी जुन्या उजव्या पक्षांची आघाडी, उद्योगपतींचा पैसा आणि टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार. त्या जाहिराती इतक्या झाल्या की आघाडीच्याच संसदीय उमेदवारांना ‘जरा आवरा’ म्हणून सांगायची पाळी व्हार्गास योसांवर आली.

आणि समोर कोण? आल्बेर्तो फुजिमोरी. जपानी स्थलांतरितांचा मुलगा, ला मोलिनाच्या कृषी विद्यापीठाचा माजी कुलगुरू. पक्ष काढून जेमतेम काही महिने झालेले, नाव ‘काम्बिओ ९०’. गडी इतका सावध की राष्ट्राध्यक्षपदाबरोबर सिनेटसाठीही त्याने अर्ज भरून ठेवला होता. एक नाही तर दुसरं. मतदानाला महिनाभर उरला, तरी चाचण्यांच्या तक्त्यात त्याचं नाव वेगळं छापत नसत. तो ‘इतर’ या रकान्यात होता.

८ एप्रिलला मतं मोजली. व्हार्गास योसा ३२.६ टक्के, फुजिमोरी २९.१. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून पहिल्या दोघांत दुसरी फेरी. १० जूनच्या त्या फेरीत फुजिमोरींना ६२.४ टक्के मिळाले.

आता तू विचारशील, हे कुणालाच कसं दिसलं नाही? दिसण्यासारखं बरंच होतं, पण बघणारे उमेदवाराकडे बघत होते. त्याचं स्पॅनिश अडखळतं, त्याच्याकडे कार्यक्रम नाही, तो ट्रॅक्टरवर बसून वस्त्यांमधून फिरतो. लिमाच्या सुखवस्तू मंडळींना त्या ट्रॅक्टरचं भारी हसू आलं. पण त्याच शहराच्या कडेला डोंगरउतारांवरच्या झोपडवस्त्यांत खेड्यांतून आलेली लाखो माणसं राहत होती. फेरीवाले, छोटे कारखानदार, नव्याने वाढणारी इव्हॅन्जेलिकल, म्हणजे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती, मंडळं. गार्सियांच्या पक्षावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. डावे आपसांत भांडून फुटले होते. आणि व्हार्गास योसा प्रामाणिकपणे सांगत होते की देश सावरायचा तर आधी कडू औषध घ्यावं लागेल. ज्याच्या घरात आधीच चूल पेटत नाही, त्याला हे ऐकवून मत मागायचं, म्हणजे धाडसच. फुजिमोरी म्हणाले, असला आर्थिक धक्का आपण देणार नाही. पहिल्या उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी बेकरीची यंत्रं बनवणारा कुस्कोकडचा कारखानदार घेतला, दुसऱ्यासाठी एक बॅप्टिस्ट पाद्री. ही जोडी नुसती वाचली असती, तरी मतं कुठून येणार ते कळलं असतं.

म्हणून सांगतो, उमेदवाराची लायकी मोजण्याआधी जागा मोजावी. किती मतदारांना आज कुणीच वाली नाही, ते आधी काढ. त्या रिकाम्या जागेत कोण शिरेल हा पुढचा प्रश्न, आणि तिथे शिरायला फारशी गुणवत्ता लागत नाही. शिवाय नियम नीट वाच. पेरूत मतदान सक्तीचं आहे, केलं नाही तर दंड. आपल्याकडे वैतागलेला मतदार घरी बसतो, तिथे त्याला केंद्रावर जावंच लागतं, आणि गेल्यावर तो राग काढतो. दोन फेऱ्यांच्या पद्धतीत नवख्याला पहिल्यांदा जिंकायचं नसतंच, फक्त दुसरं यायचं असतं. पुढे प्रस्थापिताच्या विरोधातली सगळी मतं आपोआप त्याच्या पदरात पडतात. १९९० मध्ये गार्सियांच्या पक्षाचा उमेदवार तिसरा आला, आणि त्याची व डाव्यांची बरीचशी मतं फुजिमोरींकडे वळली.

एवढं झाल्यावर पेरूची राजधानी शहाणी झाली असेल असं तुला वाटेल. नाव नको. २०२१ मध्ये अठरा उमेदवार उभे होते. काहामार्का प्रांतातले एक शाळामास्तर, पेद्रो कास्तियो, त्यांतले एक. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी, हातात भली मोठी पेन्सिल, कारण पेन्सिल हे पक्षाचं चिन्ह. २०१७ चा शिक्षकांचा संप त्यांनी चालवला होता, म्हणजे देशभर ओळखीची माणसं होती, पण स्टुडिओत बसणाऱ्यांना ती दिसत नव्हती. त्या आधीच्या नोव्हेंबरात देशाने आठवडाभरात तीन राष्ट्राध्यक्ष पाहिले होते, आणि कोविडने लोकसंख्येच्या मानाने जगात सर्वाधिक बळी तिथेच घेतले होते. मतदानाआधीच्या शेवटच्या आठवड्यात तिथे चाचण्या छापायला बंदी असते. नेमकं त्याच दिवसांत वारं फिरलं. निकालाच्या रात्री सीएनएनच्या स्पॅनिश वाहिनीकडे पहिल्या आलेल्या उमेदवाराचा फोटोच नव्हता. पडद्यावर नावासमोर नुसती करडी आकृती दाखवली. अठरा जणांत मतं इतकी विखुरली की १८.९ टक्के पहिल्या क्रमांकाला पुरले. दुसऱ्या फेरीत कास्तियो सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले. हरलं कोण? केइको फुजिमोरी, त्याच ट्रॅक्टरवाल्याची मुलगी. एव्हाना ते घराणं प्रस्थापित झालं होतं.

इथवरचं बहुतेक विश्लेषक सांगतात, निदान निकालानंतर तरी. तू याच्या पुढे जावंस असं मला वाटतं. बाहेरच्या माणसाला हलक्यात घेणं निकालाच्या रात्री संपत नाही. फुजिमोरी निवडून आल्यावर लिमात पुष्कळांनी धरून चाललं होतं की हा नवखा आहे, याला आपण सांभाळून घेऊ. ऑगस्टमध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी टीव्हीवर नेमका तोच धक्का जाहीर केला, जो न देण्याच्या शब्दावर मतं मिळाली होती. पेट्रोल एका रात्रीत जवळपास तीसपट महागलं. भाषणाचा शेवट होता ‘देव आपल्याला साहाय्य करो’. पुढे ५ एप्रिल १९९२ ला फुजिमोरींनी रणगाडे उतरवून संसद बंद केली, आणि बहुसंख्य जनतेने त्याला मान डोलावली. गुप्तहेरप्रमुख मोंतेसिनोसांच्या लाचखोरीची ध्वनिचित्रफीत बाहेर येईपर्यंत, म्हणजे २००० पर्यंत, फुजिमोरी जागचे हलले नाहीत. शेवटी जपानमध्ये जाऊन फॅक्सने राजीनामा पाठवला.

कास्तियोंनीही ७ डिसेंबर २०२२ रोजी संसद बरखास्त केल्याचं टीव्हीवर जाहीर केलं. लष्कर पाठीशी आलं नाही. संसदेने त्यांना पदावरून काढलं आणि त्याच दिवशी अटक झाली.

दोघांची गोम एकच. पक्षाबाहेरून आलेला माणूस संसदेत एकटा पडतो. फुजिमोरींकडे सिनेटच्या ६२ पैकी १४ जागा होत्या, कास्तियोंच्या पक्षाकडे संसदेच्या १३० पैकी ३७. निवडून आला की पहिल्या दिवसापासून झटापट सुरू, आणि मग लष्कर कुणीकडे झुकतं त्यावर सगळं ठरतं.

तेव्हा टिपण पुन्हा लिहिताना त्या दीड ओळीच्या जागी दोन गोष्टी घाल. त्या नवख्या उमेदवाराच्या यादीतून संसदेवर किती जण जाऊ शकतात, आणि गेल्या दहा वर्षांत त्या देशाच्या लष्कराने कुठल्या भांडणात कुणाची बाजू घेतली. पहिली माहिती निवडणूक आयोगाकडे मिळेल. दुसरीसाठी जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतील, त्याला वेळ जाईल. मजकूर एक दिवस उशिरा आला तरी चालेल, संपादकांशी मी बोलून घेतो.

तुझा,
जुना मास्तर