एकच बोर्ड, किती ठिकाणी!

प्रश्न : वर्गातला फळा म्हणजे बोर्ड, कंपनीचं संचालक मंडळ पण बोर्ड, मुलं राहून शिकतात ती बोर्डिंग स्कूल आणि विमानात चढायला बोर्डिंग पास. हा सगळा एकच शब्द आहे की नुसतं स्पेलिंग सारखं?

उत्तर : पहिले तीन तर नक्की एकाच घरातले. जुन्या इंग्लिशमध्ये बोर्ड म्हणजे साधी लाकडाची फळी, त्यामुळे वर्गातल्या बोर्डाचं काही कोडं नाही, मराठीत पण फळी आणि फळा सख्खी भावंडंच की. खरी गंमत जेवणाच्या टेबलापाशी आहे. मध्ययुगात टेबल म्हणजे बऱ्याचदा दोन लाकडी टेकूंवर टाकलेली लांब फळीच असायची, जेवणं उरकली की उचलून बाजूला ठेवायची, म्हणून टेबलालाच बोर्ड म्हणायला लागले आणि मग त्याच्यावर जे वाढलं जातं तेही बोर्ड झालं! बोर्डिंग स्कूलमधलं बोर्ड ते हे, म्हणजे जेवणखाण. राहण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला, नाहीतर पाट्यांवर लॉजिंग आणि बोर्डिंग असे दोन शब्द कशाला लिहिले असते, एक मुक्कामाचा, दुसरा जेवणाचा. आणि त्याच टेबलाभोवती कारभार करायला बसणारी मंडळी म्हणजे कंपनीचं बोर्ड, बस्स.

बोर्डिंग पासचं जरा वेगळं आहे. तिथलं बोर्ड म्हणजे जहाजाची कड, विमानाने ते जहाजाकडून उचललं. हे बोर्ड फळीवालंच की मुळात वेगळं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण दोघं इतक्या जुन्या काळापासून एकमेकांत मिसळलेत की आता वेगळं काढून फारसा उपयोग नाही.

जाता जाता, जहाजाच्या उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात त्यात तारा वगैरे काही नाही हं, ते स्टिअर करण्यातलं स्टिअर आहे, कारण पूर्वी सुकाणूचं वल्हं उजवीकडे बांधलेलं असायचं. डावीला लारबोर्ड म्हणायचे, आता वाऱ्यात कोणी ओरडून सांगितलं तर स्टारबोर्ड की लारबोर्ड कसं कळणार, शेवटी 1844 मध्ये ब्रिटिश नौदलाने लारबोर्ड बंदच केलं आणि पोर्ट म्हणा असा हुकूम काढला.

माझा लाडका मात्र कबर्ड. नीट फोडून बघा, कप अधिक बोर्ड, म्हणजे कप मांडून ठेवायची उघडी फळी. दारं नंतर आली, कपडे त्याहून नंतर, आणि उच्चारातला प तर कधीचाच गायब झालाय.